चेन टाइट केली, पण चाक सरळ राहिलं का? मागच्या चाकाची लाइन घरीच तपासा दोरीने

चेन ढिली झाली म्हणून ताणून घेतली, टायर-ट्यूब बदलली किंवा मागचे ब्रेक लायनर टाकले. गाडी घेऊन माणूस घरी येतो आणि दुसऱ्या दिवशी लक्षात येते की हँडल सरळ धरले तरी गाडी एका अंगाला ओढते आहे. चेनचा कर्रकर्र आवाज येतो. दोन-तीन महिन्यांत टायर एकाच बाजूने घासलेला दिसतो. मग टायर हलका होता, चेन डुप्लिकेट होती, रस्ताच खराब आहे, अशी कारणे शोधली जातात. खरे कारण पुष्कळदा एवढेच असते की मागचे चाक बसवताना किंचित तिरके बसले आहे.

हा दोष घरी, अर्ध्या तासात आणि गवंड्याच्या लाइनदोरीने शोधता येतो. बऱ्याच वेळा दुरुस्तही करता येतो. दुधाचे कॅन, खताची पोती किंवा मागे घरची माणसे बसवून रोज पंचवीस-तीस किलोमीटर जाणाऱ्याने हे काम एकदा शिकून घेतलेले बरे. फक्त त्यात दोन-तीन जागा अशा आहेत, जिथे चूक झाली तर जिवावर बेतू शकते. त्या जागा पुढे स्वतंत्रपणे दिल्या आहेत.

ही माहिती ग्रामीण भागात सर्वाधिक दिसणाऱ्या १०० ते १२५ सीसीच्या, मेन स्टँड आणि मागे ड्रम ब्रेक असलेल्या गाड्यांसाठी आहे. १९८५ मधली हिरो होंडा सीडी १००, १९९४ मधली स्प्लेंडर आणि त्यानंतरच्या अशा बहुतेक गाड्यांत चेन आणि दोन बाजूंचे दोन ॲडजस्टर हीच रचना आहे. मागे डिस्क ब्रेक असलेल्या गाडीलाही तपासणी लागू पडते, पण नट खोलण्याआधी त्या गाडीची पुस्तिका पाहावी.

चाक तिरके का बसते?

मागचे चाक ज्या दोन दांड्यांमध्ये बसते त्याला गॅरेजमध्ये चिमटा म्हणतात. चिमट्याच्या दोन्ही टोकांना लांबट खाचा असतात आणि त्यातून चाकाचा एक्सल आरपार जातो. चेन ताणायची म्हणजे हा एक्सल खाचेत मागे सरकवायचा. त्यासाठी डाव्या-उजव्या बाजूला एकेक ॲडजस्टर असतो. दोन्ही सारखे फिरवले तर चाक सरळ मागे येते. एक जास्त आणि एक कमी फिरला, की चाक वळते.

चूक किती छोटी आणि परिणाम किती मोठा, हे हिशेबाने कळते. दोन ॲडजस्टरमधले अंतर साधारण २० सेंटिमीटर असते, तर पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांमधले अंतर साधारण सव्वाशे सेंटिमीटर. म्हणजे एक्सलच्या एका टोकाला १ मिलिमीटरचा फरक पडला, तर मागच्या चाकाची रेषा पुढच्या चाकापाशी पोहोचेपर्यंत ६ मिलिमीटरने सरकते.

चिमट्यावर खुणा असतात, त्या जुळवल्या की झाले, असे बरेच जण मानतात. खुणा उपयोगी आहेत, पण त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. खुणा जाड असतात, गंजतात, चिखलाने भरतात. गाडी कधी जोरात पडली असेल आणि चिमटा वाकला असेल, तर खुणा बरोबर दाखवतात आणि चाक तिरकेच राहते. म्हणून शेवटचा निकाल दोरीचा.

दोरी धरण्याआधी काय बघायचे?

गाडी ओढते म्हणजे लाइनच गेली असे नाही. आधी सोप्या गोष्टी बघून घ्याव्यात.

हवा : दोन्ही टायरमधली हवा मोजून बरोबर करावी. आकडा पुस्तिकेत असतो, बऱ्याच गाड्यांवर स्टिकरही असते. मागे माणूस किंवा ओझे असेल तेव्हाचा आकडा वेगळा असतो.

रिंग आउट आहे का : गाडी मेन स्टँडवर लावून चाक हाताने फिरवावे. चिमट्याला खडू टेकवून रिंगजवळ धरावा. खडू एका ठिकाणी घासतो आणि दुसरीकडे फट राहते असे दिसले, तर रिंग आउट आहे. हे काम तारा कसणाऱ्या कारागिराचे. ॲडजस्टर फिरवून ते नीट होणार नाही.

खेळ आहे का : मेन स्टँडवर असतानाच मागचा टायर दोन्ही हातांनी धरून डावीकडे-उजवीकडे हलवावा. खटखट लागली तर चाकाचे बेअरिंग किंवा चिमट्याचे बुश गेलेले असते. ते बदलल्याशिवाय लाइन टिकत नाही.

चेन घासली आहे का : चेनच्या पट्टीवर ४२० किंवा ४२८ असा आकडा कोरलेला असेल, तर तिच्या दोन पिनांमधले अंतर १२.७ मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच असते. चेन ताणून धरून एका पिनेच्या मध्यापासून पुढच्या विसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत मोजावे. नव्या चेनचे हे अंतर २५४ मिलिमीटर भरते. ते २५९ च्या पुढे गेले, तर चेन दोन टक्क्यांहून जास्त वाढली आहे. ती ताणत बसण्यात अर्थ नाही. स्प्रॉकेटचे दात शार्कच्या पंखासारखे एका बाजूला वाकलेले दिसले तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदलावेत. जुन्या दातांवर नवी चेन लवकर संपते.

लागणारे साहित्य

पाच-सहा मीटर लाइनदोरी किंवा न ताणणारा नायलॉनचा दोरा, स्टीलची पट्टी, खडू, चिकटपट्टी, एक्सलच्या नटांना बसणारे मोठे पाने, ॲडजस्टरचा लहान पाना, पक्कड आणि नवी स्प्लिट पिन. मदतीला एक माणूस लागतो. जागा सपाट हवी. फरशी नसेल तर अंगणात चोपलेली सपाट जमीन चालते.

दोरीने लाइन अशी तपासायची

१. गाडी मेन स्टँडवरून खाली घ्यायची. एकाने ती सरळ उभी धरायची, हँडल नाकासमोर ठेवायचे. दोन्ही चाके जमिनीवर हवीत.

२. दोरीचा मध्य मागच्या टायरच्या पाठीमागे चिकटपट्टीने चिकटवायचा. दोन्ही टोके टायरच्या दोन बाजूंनी पुढे पुढच्या चाकाच्याही पलीकडे न्यायची. सायलेन्सर, फूटरेस्ट, स्टँड यांच्या खालून जिथे काही अडत नाही अशी उंची धरायची. दोरी कुठेही टेकून वाकली, तर माप चुकते.

३. पुढे बसून एका बाजूची दोरी ताणून धरायची आणि हळूहळू आत आणायची. मागच्या टायरच्या पुढच्या कडेला दोरी नुसती टेकली की तिथेच थांबायचे. आता ही दोरी म्हणजे मागच्या चाकाची रेषा. टोक विटेला गुंडाळून तिथेच ठेवायचे. दुसऱ्या बाजूला असेच करायचे.

४. आता पुढचे चाक दोन दोऱ्यांच्या बरोबर मध्ये आहे का ते पाहायचे. पुढच्या टायरच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून दोरीपर्यंतची फट पट्टीने मोजायची. एकाच बाजूच्या या दोन फटी वेगळ्या आल्या, तर हँडल थोडे वळलेले आहे. ते सरळ करून पुन्हा मोजायचे.

५. डावी फट आणि उजवी फट सारखी असेल तर चाक लाइनमध्ये आहे. मागचा टायर पुढच्यापेक्षा रुंद असेल तर दोन्हीकडे थोडी थोडी फट दिसेल. दोन्ही टायर एकाच मापाचे असतील तर दोरी दोन्हीकडे जेमतेम टेकेल. दोन्ही चित्रे बरोबरच आहेत.

एका बाजूला जास्त फट आणि दुसरीकडे दोरी टायरवर दाबली जाते आहे, असे दिसले की चाक तिरके आहे. जिकडे फट जास्त, एक्सलची तिकडची बाजू जास्त मागे गेली आहे.

चाक सरळ करण्याची पद्धत

आधी इंजिन बंद, चावी काढून खिशात, गिअर न्यूट्रलमध्ये. गाडी मेन स्टँडवर.

१. मागच्या ब्रेकच्या रॉडचा नट थोडा ढिला करायचा. चाक मागे सरकले की हा रॉड आपोआप ताणला जातो आणि ब्रेक धरून राहतो.

२. ब्रेकच्या प्लेटला चिमट्याशी बांधणारी एक लोखंडी पट्टी असते. तिची स्प्लिट पिन काढून नट थोडा सैल करायचा. पट्टी काढायची नाही.

३. एक्सलचा नट ढिला करायचा. बऱ्याच गाड्यांत चेनच्या बाजूला आणखी एक मोठा नट असतो, त्याला स्लीव्ह नट म्हणतात. तोही ढिला करावा लागतो. तो विसरला तर चेनकडची बाजू सरकत नाही, फक्त दुसरी बाजू सरकते आणि चाक नेमके तिरके होते. घाईत चेन ताणताना होणारी ही नेहमीची चूक.

४. चेनचा ताण डाव्या, म्हणजे चेनच्या बाजूच्या ॲडजस्टरने ठरवायचा आणि चाकाची लाइन उजव्या ॲडजस्टरने जुळवायची. हा क्रम ठेवला की एक नीट करताना दुसरे फारसे बिघडत नाही.

५. आधी ताण. खालच्या बाजूची चेन मध्यावर बोटाने वर-खाली करून पाहायची. पूर्ण कव्हर असलेल्या गाड्यांत त्यासाठी कव्हरला रबरी बूच असते. अशा गाड्यांत हा खेळ साधारण २० ते ३० मिलिमीटर असतो. नेमका आकडा आपल्या गाडीच्या पुस्तिकेतला धरावा. चाक थोडे थोडे फिरवत चार-पाच ठिकाणी पाहायचे आणि चेन जिथे सर्वात ताठ लागते, तिथे हे माप ठेवायचे.

६. मग लाइन. उजव्या बाजूला जास्त फट असेल तर उजवा ॲडजस्टर सैल करून चाक मागून पुढे ढकलायचे. डाव्या बाजूला जास्त फट असेल तर उजवा ॲडजस्टर कसायचा. नटाला सहा पैलू असतात. एक पूर्ण फेरा म्हणजे साधारण १ ते सव्वा मिलिमीटर. म्हणजे एक पैलू फिरवला की पुढच्या चाकापाशी रेषा सुमारे १ मिलिमीटर सरकते. एका वेळी एक किंवा दोनच पैलू फिरवावेत.

७. चाक पुढे ढकलून दोन्ही ॲडजस्टर नीट टेकले आहेत ना ते पाहायचे. एक्सलचा नट हाताइतका कसून गाडी खाली घ्यायची आणि पुन्हा दोरी लावायची. दोन-तीन वेळा असे करावे लागते. पहिल्यांदा वेळ लागतो, नंतर हात बसतो.

८. लाइन जुळली की गाडी स्टँडवर घेऊन स्लीव्ह नट आणि एक्सलचा नट पक्के कसायचे. कसताना एक्सल सरकू शकतो, म्हणून शेवटी चेनचा ताण आणि दोरी पुन्हा एकदा पाहायची. मग ॲडजस्टरचे लॉकनट कसायचे.

९. ब्रेकच्या पट्टीचा नट कसून नवी स्प्लिट पिन घालायची. ब्रेकच्या रॉडचा नट फिरवून पेडलचा खेळ पुस्तिकेप्रमाणे ठेवायचा. चाक हाताने मोकळे फिरले पाहिजे आणि पेडल दाबताच थांबले पाहिजे. मागचा लाल दिवा पेडलबरोबर लागतो का तेही बघायचे.

या तीन चुका जिवावर बेततात

ब्रेकची पट्टी सुटी राहणे : ही पट्टी ब्रेकच्या प्लेटला चाकाबरोबर फिरू देत नाही. तिचा नट राहून गेला किंवा पिन न घातल्याने गळून पडला, तर ब्रेक दाबल्याबरोबर प्लेट चाकाबरोबर फिरते, रॉड मोडतो आणि चाक जागेवर जाम होऊ शकते. मागे कॅन किंवा माणूस असताना उतारावर असे झाले तर गाडी सावरता येत नाही. काम घरी करा किंवा दुकानात, निघण्याआधी ही पट्टी आणि पिन स्वतःच्या डोळ्यांनी बघावी.

इंजिन चालू ठेवून चेन साफ करणे : गाडी मेन स्टँडवर, गिअरमध्ये चालू आणि हातात फडके. वेळ वाचवायला केलेल्या या कामात फडक्यासकट बोटे स्प्रॉकेटमध्ये जातात. चाक नेहमी हातानेच फिरवावे आणि बोटे दातांपासून लांब ठेवावीत. लहान मुलांना तर जवळ येऊच देऊ नये.

चेन गरजेपेक्षा जास्त ताणणे : "ताठ केली म्हणजे लवकर ढिली होत नाही" हा समज चुकीचा आहे. ओझे ठेवले की गाडी खाली बसते आणि चेन आणखी ताणली जाते. रिकाम्या गाडीवर ताठ केलेली चेन दोन भरलेले कॅन लावल्यावर तुटायच्या बेताला येते. चाकाचे आणि गिअरबॉक्सचे बेअरिंगही त्यातच जातात.

याशिवाय, कामासाठी साडी गार्ड काढले असेल तर ते परत बसवल्याशिवाय गाडी बाहेर काढू नये. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम १२३ मध्ये मागे बसणाऱ्यासाठी धरायला हँडल, फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षण सांगितले आहे. पदर किंवा ओढणी चाकात गेली तर बाकी कुठलीही काळजी उपयोगाची नाही.

जळके ऑइल नको

चेनला इंजिनमधून काढलेले जळके ऑइल लावायची पद्धत गावोगावी आहे. फुकट मिळते म्हणून लावले जाते. पण त्यात धातूचा बारीक चुरा आणि काजळी असते. त्यावर रस्त्याची माती बसली की चेनवर पॉलिश पेपर घासल्यासारखेच होते. त्यापेक्षा चेन ब्रशने साफ करून, पुसून, ९० नंबरचे गिअर ऑइल आतल्या बाजूने थेंब थेंब सोडावे आणि जास्तीचे पुसून घ्यावे. साधारण दर ५०० किलोमीटरला आणि पावसात भिजल्यावर लगेच हे करावे. कड्यांमध्ये रबरी रिंग असलेली चेन असेल तर तिला पेट्रोल लावू नये, रबर खराब होते. टायरवर किंवा ब्रेकच्या ड्रमकडे ऑइल जाऊ देऊ नये.

गॅरेजला कधी न्यायची?

दोन्ही बाजूच्या खुणा सारख्या आहेत, पण दोरी मोठा फरक दाखवते. चाके एका रेषेत आणली, तर चेन मागच्या स्प्रॉकेटवर तिरकी चढताना दिसते. किंवा मागचे चाक सरळ आहे, पण पुढच्या चाकाच्या दोन्ही कडांची फट कधीच जुळत नाही. अशा वेळी चिमटा, चेसिस किंवा पुढचा फोर्क वाकलेला असू शकतो, नाहीतर चाक बसवताना एखादे बुश उलटसुलट लागलेले असते. हे घरी नीट होत नाही. पण गॅरेजमध्ये "गाडी ओढते, बघा" असे मोघम न सांगता "डावीकडे ८ मिलिमीटर फट जास्त येते, खुणा मात्र सारख्या आहेत" असे सांगता आले, तर मेकॅनिक थेट कामाला लागतो आणि गरज नसलेले सामान बदलले जात नाही.

काम झाल्यावर पहिली फेरी रिकाम्या रस्त्यावर, हळू आणि एकट्याने मारावी. ब्रेक दोन-तीन वेळा दाबून पाहावा. १५-२० किलोमीटर गाडी चालल्यावर एक्सलचा नट, पट्टीचा नट आणि चेनचा ताण परत तपासावा, आणि मगच मागे ओझे किंवा माणूस घ्यावा. पुढे कधीही, कुठेही मागच्या चाकाचा नट ढिला झाला, की घरी आल्यावर एकदा दोरी लावून बघायची. लाइनदोरीची गुंडी टूलकिटच्या पिशवीतच ठेवलेली सोयीची.